दोन काटे, एक फाईल

प्रश्न : मोंढ्याजवळ आमची डाळमिल आहे. दोन गेटांवर दोन वजनकाटे, दोन्हीकडे लिनक्सवाले कॉम्प्युटर. दोघेही एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवरून फाईल वापरायच्या सोयीने, सर्व्हरच्या एकाच फाईलमध्ये काटापट्टीची ओळ जोडतात. तुरीच्या सीझनला काही ओळी गायब होतात, काही अर्ध्यामुर्ध्या दिसतात. ऑफिसात नोंदही उशिरा येते. पोरगा म्हणतो, केबल बदला. काय करू?
– एक डाळमिलवाले, लातूर

उत्तर : मालक, केबलला हात लावू नका.

फाईलचा शेवट कुठे आहे हे एनएफएसमध्ये प्रत्येक काट्याचा कॉम्प्युटर स्वतःच ठरवतो. दोघांनाही शेवट ४२०० व्या बाइटला दिसला, तर दोघेही तिथूनच लिहिणार. मागून लिहिणारा पहिल्याची ओळ पुसतो. त्याची ओळ आखूड असेल, तर आधीच्या लांब ओळीचं शेपूट मागे उरतं. तुमच्या अर्ध्यामुर्ध्या ओळी त्या याच.

उशिराचं कारण वेगळं. एकाने फाईल बंद केल्यावर दुसऱ्याने उघडली, तर नवा मजकूर दिसेल, एवढीच एनएफएसची हमी. ऑफिसातली फाईल दिवसभर उघडीच असेल, तर लिनक्स तिची जुनी माहिती ३ ते ६० सेकंद खरी धरून चालतो. काट्यावरच्या प्रोग्रामनेही प्रत्येक पट्टीनंतर फाईल बंद करायला हवी. ‘नोएसी’ लावा, म्हणजे ही जुनी माहिती धरून ठेवणं बंद करा, म्हणणारे भेटतील. त्याने काम रेंगाळतं आणि पुसापुशी काही थांबत नाही.

माझं ऐकाल तर प्रत्येक पट्टीची वेगळी फाईल करा. फाईलच्या नावात पट्टीच्या नंबराआधी गेटचं अक्षर घाला. आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहून बंद करायची, मग त्याच फोल्डरमध्ये खरं नाव द्यायचं. नाव बदलणं सर्व्हरवर एका झटक्यात होतं, त्यामुळे ऑफिसला अर्धवट पट्टी दिसत नाही. बेरीज ऑफिसने करावी.

एकच फाईल हवी असा हट्टच असेल, तर दोन्ही प्रोग्रामांनी लिहिण्याआधी फाईलचं कुलूप घ्यावं, म्हणजे एक लिहीत असताना दुसरा थांबेल. एकाने घेतलं नाही तर दुसऱ्याच्या कुलपाला अर्थ नाही. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत ही सोय आतच आहे, तिसरीत ती वेगळी चालवावी लागते. आणि कुणी एसक्यूलाइट या एका फाईलमध्ये मावणाऱ्या डेटाबेसची फाईल तिथे ठेवा म्हणाला, तर नाही म्हणा. नेटवर्कवरच्या फाईल सिस्टिमबाबत ते बनवणारेच सावध करतात.

पुसल्या गेलेल्या ओळी त्या फाईलमध्ये शोधत बसू नका. आडत्यांचा हिशेब चुकता करण्याआधी पट्ट्यांच्या कार्बन कॉप्या काढा आणि त्यावरून जुळवा.