थंडीत लिहिणाऱ्यांनी पहाटेचा हट्ट सोडावा

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे. या वेळी लेखक, अनुवादक आणि दिवसभर बसून लिहिणाऱ्या वाचकांच्या पत्रांना उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : वय ५२, पूर्णवेळ अनुवादक. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत जातात. दर वर्षी पहाटे साडेपाचला फिरायला सुरुवात करतो आणि थंडीचा कडाका वाढला की चार दिवसांत सगळं बंद पडतं. मनाचा निग्रह कसा वाढवावा? (नाशिक)

निग्रहाचा यात फारसा संबंध नाही, वेळ चुकते आहे. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो त्या दिवसांत, दिवसभर बसून काम करणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने पहाटे साडेपाचला घराबाहेर पडणं आम्हाला मुळीच पसंत नाही. गारठ्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि रक्तदाब चढतो. जाग आल्यानंतरच्या तासांत तो एरवीही चढताच असतो. म्हणजे हृदयावर दोन ओझी एकाच वेळी पडतात. रक्तदाबाची किंवा हृदयविकाराची औषधं चालू असतील तर आमचा सल्ला स्पष्ट आहे : पहाटेचं फिरणं थंडीपुरतं बंद.

दुसरं कारण हवेचं. रात्री जमीन भराभर निवते आणि तिच्यालगतची थंड, जड हवा खालीच साचून राहते. शेकोट्या, पेटवलेला पालापाचोळा, वाहनं यांचा धूर तिच्यात अडकतो. ज्याला आपण पहाटेची स्वच्छ हवा म्हणतो, ती हिवाळ्यात शहरात बऱ्याचदा दिवसातली सर्वांत खराब हवा असते. ऊन तापून जमीन गरम झाली की हा थर विरतो.

तेव्हा सकाळी नऊ ते साडेदहा किंवा दुपारी साडेचार ते साडेपाच, यांतली एक वेळ ठरवा. लिहिणाऱ्यांना दुपारची जास्त सोयीची पडते, कारण त्या सुमाराला वाक्यं रेंगाळायला लागलेलीच असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशींनुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम हवा. सलग दहा मिनिटं तरी चाललंच पाहिजे, ही जुनी अट आता राहिलेली नाही. सकाळी १५ आणि दुपारी १५ मिनिटं चाललात तरी तीस मिनिटं जमा होतात. वेग किती? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. पावलं मोजायची असतील तर मिनिटाला साधारण शंभर.

पहिली पाच मिनिटं सावकाश चाला. अंगालगत जाड सुती बनियन घातलं तर ते घाम धरून ठेवतं आणि थांबल्याबरोबर अंग गार पडतं. पातळ, लवकर वाळणारा कपडा आत आणि पुढे चेन असलेला स्वेटर वर, म्हणजे वाटेत उघडता येतो. कान झाका. दम्याचा त्रास असेल तर नाकातोंडावर मफलर हवाच. कोरडी गार हवा थेट आत गेली की श्वासनलिका आवळतात.

प्रश्न : मी कादंबरी लिहिते. बाहेर पडणं जमत नाही म्हणून उठल्याबरोबर बारा सूर्यनमस्कार घालू लागले. तिसऱ्या दिवशी मांडीच्या मागे चमक भरली. आता पुन्हा सुरू करायची भीती वाटते. (पुणे)

सूर्यनमस्कार बैठ्या माणसासाठी उत्तम व्यायाम आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याचा ध्यास घेऊन प्रसार केला, त्यामागे एका माणसाला घरच्या घरी, साधनांशिवाय सर्वांगाला व्यायाम मिळावा हाच विचार होता. तुमच्या बाबतीत अडलं ते तिसऱ्या स्थितीत, पाय ताठ ठेवून खाली वाकताना. मांडीमागचा स्नायू बसण्याच्या हाडापासून गुडघ्याखालपर्यंत जातो. गुडघे दुमडून आठ-आठ तास बसलात की तो आखडल्या स्थितीत राहतो. थंड अंगाने, थंड फरशीवर पहिल्याच नमस्कारात त्याला पूर्ण ताणलं, तर तो तक्रार करणारच. शिवाय रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्यानंतरच्या पहिल्या तासात खोल वाकलं की कंबरेवर एरवीपेक्षा जास्त ताण येतो. म्हणून चहा होऊ द्या, घरात थोडं वावरा, तासाभराने सुरुवात करा.

चमक भरल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस ताण देऊ नका, चोळू तर अजिबात नका. त्या वेळी फट्कन आवाज आला असेल, मांडी काळीनिळी पडली असेल किंवा चालताना लंगडावं लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. यांतलं काही नसेल तर दुखणं ओसरल्यावर सेतुबंधासनाने सुरुवात करा. उताणं झोपून गुडघे दुमडायचे, टाचा दाबून कंबर उचलायची, पाच आकडे धरायची, सावकाश खाली आणायची. दहा वेळा, दिवसातून दोनदा. आठवडाभर हे न दुखता जमलं की नमस्कार.

ते मात्र या पद्धतीने घाला. आधी तीन-चार मिनिटं जागच्या जागी गुडघे उचलत चाला, मग प्रत्येक बाजूला खांदे दहा वेळा गोल फिरवा. पहिले दोन नमस्कार हात जमिनीवर न टेकता मेजाच्या कडेवर टेकून. पुढचे दोन जमिनीवर, पण वाकताना गुडघे चांगले सैल सोडून, पोट मांड्यांना लागेल इतके. त्यानंतर अंग जेवढं परवानगी देईल तेवढेच पाय सरळ करा. पहिल्या आठवड्यात चार ते सहा पुरेत, पुढे आठवड्याला दोन वाढवा. संख्येपेक्षा लय महत्त्वाची : एका नमस्काराला तीस-चाळीस सेकंद लागू द्या.

टंकलेखनाने मनगटं दुखरी असतील तर टॉवेलची दोन-तीन सेंटिमीटर जाड घडी तळव्याच्या मागच्या भागाखाली ठेवा, म्हणजे मनगट कमी मुडपतं. भुजंगासनात कंबरेत कळ येत असेल तर हात पूर्ण सरळ करू नका, कोपरं दुमडलेली ठेवून छाती पुढे काढा.

प्रश्न : उतरत्या मेजावर, मांडी घालून लिहिण्याची जुनी सवय आहे. हिवाळ्यात पायाला मुंग्या येतात आणि बोटं इतकी गारठतात की अक्षर बिघडतं. खुर्ची घ्यावी का? (नागपूर)

घेऊ नका, एवढ्यासाठी तरी नाही. जमिनीवर बसणाऱ्याला दिवसातून अनेकदा उठावं लागतं आणि ते उठणं हाच पायांचा चांगला व्यायाम आहे. हातांचा आधार न घेता, एक गुडघा टेकून उठायचा सराव ठेवा, पाय आलटून पालटून.

मुंग्यांचं कारण असं : गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरासं खाली, एक नस हाडाला वळसा घालून अगदी वरवरून जाते. घट्ट मांडी घातली की ती दाबली जाते. सतरंजीवर घोंगडीची घडी घालून त्यावर आठ-दहा सेंटिमीटर उंच बसा. गुडघे कंबरेच्या खाली आले की दाब कमी होतो. वीस-पंचवीस मिनिटांनी मांडी बदला किंवा एक पाय पसरा. मुंग्या उठल्यावर काही मिनिटांत गेल्या पाहिजेत. पाऊल वर उचलता येईनासं झालं किंवा चालताना चवडा घासू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बोटांसाठी हात शेकत बसण्यापेक्षा धड गरम ठेवा. छाती-पोट गार पडलं की शरीर आधी हातापायांचं रक्त कमी करतं. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू कोपराखालच्या हातात असतात, म्हणून पुऱ्या बाह्यांचा लोकरी कपडा उपयोगी पडतो. लिहिण्याआधी उभं राहून दोन्ही हात खांद्यापासून मोठे गोल फिरवा, पुढे वीस, मागे वीस. मेज खिडकीपाशी, उन्हात सरकवा. बोटं आधी पांढरीफटक आणि मग निळी पडत असतील तर ते दाखवून घ्यायलाच हवं.

आणि एक कळकळीची विनंती : बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून लिहायला बसू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दर हिवाळ्यात यात माणसं दगावतात.

प्रश्न : उभं राहून लिहायचं मेज घेतलं आहे. आता वेगळा व्यायाम नको ना? (कोल्हापूर)

हवा. नुसतं उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे, आणि तासन्‌तास उभं राहिलं तर पायांच्या शिरा फुगण्याचं दुखणं वाढतं. अर्धा तास उभं, अर्धा तास बसून असं चालू द्या. प्रत्येक बदलाच्या वेळी मेजाला हात लावून पंधरा वेळा टाचा उचला, वर जाताना एक आकडा, खाली येताना तीन. पोटरी आकुंचन पावते तेव्हा पायातलं रक्त वर ढकललं जातं, म्हणून हे करायचं.

प्रश्न : मालिकांची उपशीर्षकं घरून लिहिते. डिसेंबरात पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो आणि रस्त्यावर बर्फ. चार महिने घरातच जातात. (टोरांटो)

तुमच्याकडे उजेड कमी, म्हणून तो आधी राखून ठेवा : बारा ते एकच्या दरम्यान वीस मिनिटं बाहेर, मग जेवण. वाऱ्यासकट जाणवणारं तापमान उणे २८च्या खाली असेल तर उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. त्या दिवशी मॉलमध्ये चाला. ओल्या डांबरासारखा काळा चकचकीत पट्टा दिसला तर तो पातळ बर्फ समजा. अशा जागी छोटी पावलं, पूर्ण तळवा एकदम टेकवायचा, अंग किंचित पुढे, हात खिशाबाहेर. बुटांवर चढवायचे रबरी काटे घ्या, पण दुकानात शिरताना काढा. फरशीवर तेच घसरवतात.

घरात दोन गोष्टी पुरतील. तळघराचा जिना : पाच मिनिटं वर-खाली, उतरताना कठड्याला हात. आणि खुर्चीतून उठबस : खुर्ची भिंतीला टेकवा, टाचा गुडघ्यांच्या जरा मागे, हात छातीवर. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुकून उठा, तीन आकड्यांत खाली बसा. दहाचे तीन फेरे, एक दिवसाआड. धपकन बसलात किंवा गुडघे आत वळले तर फायदा निम्मा होतो. सोपं वाटू लागलं की पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरा.

बर्फ फावड्याने काढणं मात्र व्यायामात धरू नका. सकाळभर बसून थेट त्या कामाला भिडणं हृदयाला महागात पडू शकतं. आधी घरातच पाच मिनिटं चाला, मग बर्फ उचलण्याऐवजी ढकला, फावडं अर्धंच भरा, दर दहा मिनिटांनी थांबा. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, की फावडं तिथेच टाकून ९११ला फोन करा.