ब्लेडला भोकं पाडून ४०० डिग्रीची "गार" हवा?

प्रश्न : काका, मी बडोद्याला कलाभवनात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, राहायला दांडिया बाजारात. ट्रेनिंगला गॅस टर्बाइनच्या (इंधन जाळून तापलेल्या गॅसने चाक फिरवणारं यंत्र) प्लांटवर गेलो होतो, तिथे त्या चाकाचं एक जुनं काढलेलं ब्लेड, म्हणजे पातं, हातात दिलं, अंगभर बारीक भोकांच्या रांगा. म्हणाले यातून गार हवा येते. नंतर कळलं की ती मशीनच्याच हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरमधून घेतात आणि ४०० डिग्रीची असते! ही कसली गार? आणि भोकं आहेतच तर अजून जोरात का नाही सोडत?

उत्तर : अरे, शेजारी कोण आहे ते बघ ना. नव्या मोठ्या मशीनमध्ये समोरून येणारा जळलेल्या इंधनाचा गॅस १४००-१५०० डिग्रीचा, आणि निकेलचा मिश्रधातू १३०० च्या पुढे वितळायला लागतो, नरम तर त्याच्या कितीतरी आधी पडतो, वर ब्लेड गरगर फिरतंय म्हणजे मुळाशी टनावारी ओढ. तिथे ४०० म्हणजे गारच. ही हवा आधी ब्लेडच्या पोटातल्या नागमोडी वाटांनी फिरते, आतल्या भिंतींना मुद्दाम आडव्या पट्ट्या ठेवलेल्या असतात म्हणजे ती घुसळत जाते आणि जास्त उष्णता उचलते, मग भोकांतून बाहेर येऊन ब्लेडच्या अंगावर पातळ थर धरते. या थरालाच फिल्म म्हणतात. थोडं पुढे गेलं की ती गॅसमध्ये मिसळून विरते, म्हणून पुढे परत एक रांग.

तुझा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. पातेल्यातलं दूध हळू ओतलं की धार पातेल्याच्याच अंगाला चिकटून ओघळते, आई ओरडते. जोरात ओतलं की धार सुटून लांब पडते. इथे आपल्याला ओघळच हवाय! भोकातून येणाऱ्या हवेची घनता गुणिले वेग, भागिले गॅसची घनता गुणिले वेग, याला ब्लोइंग रेशो म्हणतात. साध्या गोल, ३०-३५ अंशात तिरक्या भोकांना हा आकडा साधारण ०.५ च्या आसपास सगळ्यात जास्त मानवतो. त्याच्या बराच वर गेलास की झोत अंगावरून उठतो, दोन्ही बाजूंनी गरम गॅस त्याच्याखाली शिरतो आणि हवा खर्चूनही धातू उघडाच. धातू २५-३० डिग्रीने जास्त तापला तरी ब्लेडचं आयुष्य निम्म्यावर येऊ शकतं, म्हणजे हे किरकोळ नाही.

यावर उपाय भोकाच्या तोंडात सापडला. १९७४ साली गोल्डस्टीन, एकर्ट आणि बर्गग्राफ या संशोधकांनी तोंडाशी पसरट होत जाणारी भोकं तपासली, तिथे हवा मंदावते, आडवी पसरते आणि जास्त सोडली तरी अंगाला धरून राहते. आणि जास्त सोडायची म्हणजे फुकट नाही हं, ती दाबायला टर्बाइननेच काम केलेलं असतं आणि ज्वलनात तिचा उपयोग शून्य.

परत कधी ब्लेड हातात आलं तर भिंग घेऊन जा आणि तोंडं गोल आहेत की पसरट ते बघ, मला कळव.