वणव्याच्या उतारावर घर बांधण्यापूर्वी

मुळशी-पानशेतकडच्या डोंगरउतारावर आपण पहिलेच घर बांधत आहात, म्हणून आवर्जून सांगतो की उन्हाळ्यात तिथले गवत किती वाळते, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आराखड्याला हात घालू नका. वणवा चढाकडे वेगाने धावतो. त्यामुळे उतारावर पुढे काढलेला लाकडी सज्जा कितीही देखणा वाटला, तरी तो टाळावा, असे माझे ठाम मत आहे.

घर पुष्कळदा ज्वाळांनी नव्हे, तर वाऱ्याबरोबर पुढे उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटते, आणि त्या कौलांच्या फटींतून, पोटमाळ्याच्या झरोक्यांतून आत शिरतात किंवा पन्हळीतल्या पाचोळ्यावर पडून तो पेटवतात. मंगलोरी कौल स्वतः जळत नाही. जळतात त्याखालच्या लाकडी रिपा आणि पाखरांची घरटी. म्हणून वळचणीच्या फटी सिमेंटच्या मालाने बुजवून घ्या आणि झरोक्यांना ३ मिलिमीटरपर्यंतच्या छिद्रांची धातूची जाळी लावा, कारण डासांसाठीची नायलॉनची जाळी उष्णतेने वितळते. खिडक्यांना टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली काच घ्यावी. साधी काच आगीच्या धगीने लवकर तडकते.

भिंतीलगतच्या दीड मीटरमध्ये फरशी किंवा खडीच असावी. सरपण, बांबूचे कुंपण, वेल तिथे नकोत. (काळ्या दगडाच्या भिंतीला वेल शोभतो, हे मलाही मान्य आहे.) त्यापलीकडे ९ मीटरपर्यंतचे गवत दिवाळीनंतर वाळू लागताच कापून घ्या आणि पावसाळ्यापर्यंत वाढू देऊ नका. लगतच्या वनहद्दीवर जाळरेषा, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, कधी काढतात, हे वनरक्षकांना आधीच विचारून ठेवा.