वाचकांचे प्रश्न : बाईचा जीव खरोखरच चिवट असतो का?

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात फ्लूने मुक्काम ठोकला होता. सहा वर्षांचा नातू तीन दिवसांत पुन्हा खेळू लागला. मलाही (वय ६१) आठवडाभर अंगात कसकस होती, पण मी घरातले सगळे करत राहिले. यजमानांना (वय ६८) मात्र न्यूमोनिया होऊन नऊ दिवस रुग्णालयात राहावे लागले. सासूबाई (वय ८९) म्हणतात, "बाईचा जीव चिवट, तिला काही होत नाही." यात तथ्य आहे का? सून पाच महिन्यांची गरोदर आहे, म्हणून अधिकच काळजी वाटते.

उत्तर : सासूबाईंच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, परंतु त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. विषाणूची लागण होणे आणि झालेला आजार गंभीर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लागण तुमच्या घरात बहुधा सर्वांनाच झाली असावी. फरक पडला तो आजाराच्या तीव्रतेत.

प्रथम तथ्याचा भाग पाहू. विषाणूची चाहूल घेणारी टीएलआर ७ नावाची प्रथिने आपल्या काही पेशींमध्ये असतात आणि त्यांचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीच्या पेशींत एक्स गुणसूत्रे दोन असतात. त्यांपैकी एक बहुतांशी निद्रिस्त असले, तरी हे जनुक काही पेशींत दोन्हींवर जागे राहते, आणि त्यामुळे विषाणू शिरताच इंटरफेरॉन हे संरक्षक द्रव्य स्त्रियांमध्ये अधिक प्रमाणात तयार होऊ शकते. पुरुषांतील टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक प्रतिकारशक्तीला काहीसे दाबून धरते. कोविडच्या काळात स्त्री-पुरुषांना लागण साधारण सारखीच होत असूनही बहुतेक देशांत पुरुषांचे मृत्यू अधिक झाले. व्यसने, मधुमेह आणि हृदयविकार यांचा त्यात वाटा होताच, पण हे शारीरिक कारणही होते. या तत्पर प्रतिकारशक्तीची किंमतही स्त्रियाच मोजतात. शरीर स्वतःवरच उलटते तो ल्युपस हा विकार दहा रुग्णांमागे सुमारे नऊ स्त्रियांना होतो.

मात्र विषाणू बदलला की चित्रही बदलते. हिपॅटायटिस ई हा दूषित पाण्यातून पसरणारा काविळीचा प्रकार एरवी बहुतेकांमध्ये आपोआप बरा होतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झाला, तर शंभरांतील वीस-पंचवीस स्त्रियांचा जीव जाऊ शकतो. फ्लूचेही असेच आहे. वाढत्या गर्भाने श्वासपटल वर ढकलले जाते, हृदयावरचा भार वाढतो आणि गर्भ टिकावा म्हणून प्रतिकारशक्तीचा तोलही बदललेला असतो. २०२४च्या पावसाळ्यात आपल्या शहरात झिकाचे रुग्ण आढळले, तेव्हा गरोदर स्त्रियांच्या तपासणीवर भर दिला गेला. तो विषाणू आईला फारसा त्रास देत नाही, पण गर्भाच्या मेंदूला इजा करू शकतो. म्हणून सूनबाईंना त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने फ्लूची लस जरूर द्यावी, ती गरोदरपणात सुरक्षित आहे. पावसाळ्यात त्यांना पाणी उकळून द्यावे, आणि ताप आल्यास एक दिवसही वाट पाहू नये.

तुमच्या पत्रातील "सगळे करत राहिले" हे शब्द मला खटकले. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत हिंदुस्थानात स्त्रियांचे मृत्यूप्रमाण पुरुषांपेक्षा अधिक नोंदले गेले, आणि घरोघरी आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांच्याकडेच होती, हे त्याचे एक कारण त्या वेळीही सांगितले गेले. आजाऱ्याच्या उशाशी बसणारीला विषाणू अधिक मात्रेत मिळतो आणि विश्रांती मात्र मिळत नाही. त्या आठवड्यात तुमचा ताप कुणी मोजला होता का, हे मला मनापासून विचारावेसे वाटते.

वयाचा हिशेबही सरळ नाही. हिपॅटायटिस ए लहान मुलांना बहुधा कावीळ न होताच होऊन जातो, प्रौढांना मात्र अंथरुणाला खिळवतो. १९१८मध्ये वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे मोठ्या संख्येने दगावली. २००९मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला तो पुण्यातील चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. त्या साथीत ज्येष्ठांना लागण तुलनेने कमी झाली, कारण त्यांच्यापैकी अनेकांच्या शरीराला तशा विषाणूची जुनी ओळख होती. नव्या विषाणूशी लढणाऱ्या पेशी छातीतील थायमस ग्रंथीत तयार होतात, आणि ही ग्रंथी पौगंडावस्थेपासून आक्रसत जाते. उतारवयात त्यामुळे जुन्या ओळखीवरच भिस्त राहते.

सासूबाईंसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा. या वयात संसर्ग झाला, तरी ताप येईलच असे नाही. माझ्याकडे नारायण पेठेतील एका आजींना त्यांची नात घेऊन आली होती. तक्रार एवढीच, की आजीने दोन दिवस चहा मागितला नाही. अंग गार होते, खोकला जेमतेम होता, पण बोटाला यंत्र लावले तर रक्तातील ऑक्सिजन ८६ टक्के निघाला. त्या बचावल्या त्या नातीच्या लक्ष देण्यामुळे. वृद्ध माणूस अचानक गोंधळला, जेवेनासा झाला किंवा पडला, तर थर्मामीटर काहीही सांगो, डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : माझ्या २४ वर्षांच्या मुलाला गालगुंड झाले आहेत. हा तर मुलांचा आजार ना? घाबरण्याचे कारण आहे का?

उत्तर : घाबरू नका, पण सावध राहा. वयात आल्यानंतर लस न घेतलेल्या पुरुषांना गालगुंड झाल्यास शंभरांतील पंधरा ते तीस जणांच्या अंडकोषाला, बहुधा एकाच बाजूला, सूज येते. गाल सुजल्यानंतर साधारण चार ते आठ दिवसांत हा त्रास सुरू होतो. त्यामुळे कायमचे वंध्यत्व येणे दुर्मीळ आहे. सरकारी लसीकरणात गोवर आणि रुबेला यांची लस मिळते, गालगुंडाची मिळत नाही, त्यामुळे आपला मुलगा लहानपणी लस घेऊनही या आजारापुरता असुरक्षित राहिला असेल. त्याला पाच दिवस वेगळे ठेवा आणि भरपूर पातळ पदार्थ द्या. तरुण मुले ही वेदना संकोचामुळे लपवतात, म्हणून त्याच्या वडिलांनी किंवा मोठ्या भावाने रोज स्पष्ट शब्दांत विचारावे, आणि दुखत असेल तर त्याच दिवशी तपासणीला न्यावे.