वाचकांचे प्रश्न : थोडा पाठिंबा, थोडा विरोध मोजायचा कसा?

प्रश्न : मतदारांना उमेदवार निवडायला मदत करणारी प्रश्नावली आम्ही तयार करतोय. मतदार आणि उमेदवार दोघांना तेच प्रश्न, उत्तर हो किंवा नाही, मग जुळलेल्या उत्तरांची टक्केवारी. यात फझी लॉजिकने, म्हणजे हो आणि नाहीच्या मधल्या छटा मोजणाऱ्या तर्कपद्धतीने, खरंच फरक पडतो का? ते बसवायचं कसं?

उत्तर : उत्तरं हो-नाहीतच घेणार असाल, तर काडीचाही फरक पडणार नाही. जर्मनीत २००२ पासून चालणारं ‘वाल-ओ-मॅट’ हे अशाच प्रश्नावलीचं संकेतस्थळ सहमत, तटस्थ, असहमत एवढ्यावरच भागवतं. उत्तर तेच असेल तर २ गुण, एका पायरीचं अंतर असेल तर १, अगदी उलट असेल तर ०. तीन बटणांना हा हिशेब पुरतो.

फझी लॉजिकचा उपयोग होतो तो उत्तर ० ते १०० अशा सरकपट्टीवर घेतल्यावर. ५० वर रेघ मारली की ४९ वाला विरोधक आणि ५१ वाला समर्थक ठरतो, म्हणजे जवळजवळ एकच मत असलेली दोन माणसं समोरासमोर उभी राहतात. लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या फझी संचांत अशी रेघ नसते. एकच उत्तर एकाच वेळी ‘तटस्थ’मध्येही मोडतं आणि ‘पाठिंबा’मध्येही, प्रत्येकात ० ते १ मधल्या काही मात्रेने.

तीन त्रिकोणी संच घ्या : विरोध (शिखर ०), तटस्थ (५०), पाठिंबा (१००). शिखरावर मात्रा १, तिथून दूर जाऊ तशी ती उतरत ० होते. इथेच बहुतेकांची गफलत होते. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखी प्रत्येक त्रिकोणाची उतरण ५० अंकांत संपवली, तर ० विरुद्ध ५० आणि ० विरुद्ध १००, दोन्ही जोड्यांचं साम्य शून्य येतं. कट्टर विरोधकाला तटस्थ माणूस आणि कट्टर समर्थक सारखेच लांब! म्हणून उतरण १०० अंकांपर्यंत लांबवा.

आता मतदार ७० वर आहे. विरोध ०.३, तटस्थ ०.८, पाठिंबा ०.७. उमेदवार ८० वर : ०.२, ०.७, ०.८. प्रत्येक संचातल्या लहान मात्रांची बेरीज १.६, मोठ्यांची १.९. भागाकार ०.८४, हे त्या प्रश्नापुरतं साम्य. याच रीतीने ० विरुद्ध ५० चं ०.४ येतं आणि ० विरुद्ध १०० चं ०.२.

सगळ्या प्रश्नांचं मिळून साम्य काढताना फझी लॉजिकमध्ये ‘आणि’साठी नेहमी वापरतात तो किमान मात्रेचा नियम, म्हणजे सगळ्यांतला सर्वांत लहान आकडा घ्यायचा, लावू नका. तीस प्रश्नांपैकी एकात वाजलं की उमेदवार तळाला जातो, आणि एखाद्या प्रश्नावर बहुतेकांशी वाजतंच. त्यापेक्षा भारित सरासरी घ्या : मतदाराला मुद्दा बिनमहत्त्वाचा वाटला तर भार ०.५, साधा असेल तर १, जिव्हाळ्याचा असेल तर २.

उमेदवाराने उत्तरच दिलं नसेल तर तिथे ५० भरू नका. मौन म्हणजे तटस्थता नव्हे, आणि ५० भरलं की गप्प बसणाऱ्याचं सगळ्यांशी थोडंथोडं जुळतं. तो प्रश्न बेरजेतून आणि भारांच्या बेरजेतूनही काढा. नावापुढे ‘३० पैकी २२ उत्तरं’ असं छापा.

प्रश्न : साम्य ०.८४ म्हणजे तो उमेदवार योग्य असण्याची शक्यता ८४ टक्के, असं लिहावं का?

उत्तर : नाही. संभाव्यता घडेल की नाही याबद्दल बोलते, मात्रा किती प्रमाणात आहे याबद्दल. ‘मतांचं साम्य’ एवढंच लिहा. ०.८४ आणि ०.८२ मधला फरक बोट जरा सरकल्यानेही पडतो, तेव्हा असे उमेदवार एकाच ओळीत दाखवा.

प्रश्न : उमेदवारांचे गट पाडून नकाशा काढायचा आहे. फझी सी-मीन्स वापरावं का?

उत्तर : वापरा. डन (१९७३) आणि बेझडेक (१९८१) यांच्या या पद्धतीत उमेदवार एकाच गटात कोंबला जात नाही, सगळ्या गटांतल्या त्याच्या मात्रांची बेरीज १ होते. धूसरतेचा घातांक (गटांच्या सीमा किती पुसट ठेवायच्या हे ठरवणारा आकडा) २ ठेवून सुरुवात करा. तिढा त्या बेरजेतच आहे : दोन गट असतील, तर दोन्हींपासून सारख्याच अंतरावर, पण कोसभर दूर असलेल्यालाही ०.५ आणि ०.५ मिळतात आणि तो मध्यममार्गी दिसतो. त्यामुळे मात्रेबरोबर गटकेंद्रापासूनचं अंतरही तपासा, आणि फार दूरचे ठिपके वेगळ्या रंगात दाखवा.