न्यायाची ‘पोच’ नको, दाद हवी

विडी कामगार बायकांना कायदेशीर मदत करणाऱ्या सोलापुरातल्या एका संस्थेतल्या ताईंचा प्रश्न आहे. परदेशी निधीतून चाललेल्या त्यांच्या प्रकल्पाची प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत आणायची आहे. त्यात ‘अ‍ॅक्सेस टू जस्टिस’ला एकाने ‘न्यायात प्रवेश’ म्हटलंय, दुसऱ्याने ‘न्यायाची पोच’. बरोबर कोणतं? आणि ‘संस्थांचं बळकटीकरण’ चालेल का?

‘न्यायात प्रवेश’ वाचून अकरावीची यादी लागल्यासारखं वाटतं. गुणवत्तेत बसलात तर न्याय, नाहीतर पुढच्या फेरीत बघा. गेली काही वर्षं कार्यशाळांतून हा शब्द सारखा कानावर आदळतोय. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी सोळावं शांतता, न्याय आणि सक्षम संस्थांचं आहे. कायद्याचं राज्य आणि सगळ्यांना न्यायाची समान संधी हे त्याच्याच पोटात येतं. कल्पना चोख आहे. मराठीत उतरताना मात्र ती दर वेळी ठेचकाळते.

‘पोच’ त्याहून गमतीचा. सोलापुरातल्या कुठल्याही कचेरीत आवक-जावकच्या खिडकीशी उभं राहून बघा. बाई अर्जाच्या दोन प्रती पुढे सरकवते, आतला माणूस एकीवर शिक्का मारून परत देतो. ती झाली पोच. बाई ती घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत, पीएफच्या कागदांशेजारी ठेवते आणि घरी जाते. अशा दहा-दहा पोचा जपणाऱ्या बायका मी शहराच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या वस्तीत, पाहिल्यात. न्यायाची पोच त्यांना कधीच मिळाली आहे हो, राहिलाय तो न्याय!

मराठीत शब्द आहे, तो ‘दाद’. दाद मागणे, दाद लागणे, दाद लावून घेणे, कुणाला दाद लागू न देणे. अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडून देतो. गंमत शब्दाच्या मुळात आहे.

आमच्या अभ्यासमंडळातले एक निवृत्त गुरुजी ठासून सांगतात की दाद संस्कृत ‘दा’वरून आला, दाद म्हणजे दिलेलं. दुसरे एक भाषाशुद्धीवाले त्याला यावनी म्हणून हाकलायला निघालेत. दोघेही चुकले. शब्द फारसीतूनच आला, पण त्याचं गोत्र आपलंच आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या इराणच्या दरायस राजाच्या शिलालेखांत ‘दात’ म्हणजे कायदा, त्याचाच पुढे ‘दाद’ झाला. त्याचा धातू ‘दा’ नव्हे, ‘धा’, म्हणजे ठेवणे, स्थापणे. इराणी भाषांनी आपल्या ध-भ मधला हकार गाळला. भ्राता तिकडे बिरादर झाला, भूमीची बूम झाली, तसा ‘धा’चा ‘दा’ झाला. देण्याचा ‘दा’ तिथे आधीच होता, दोन्ही सारखेच दिसू लागले आणि गुरुजी फसले. याच ‘धा’पासून आपले विधी, विधान, विधाता आणि संविधान. म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पायरीवर दाद मागणारी बाई दोन चुलतबहिणींची गाठ घालून देत असते. आणि संविधानाचं कलम ३२ तर मूलभूत हक्कांसाठी दाद मागणं हाही मूलभूत हक्कच मानतं, थेट सर्वोच्च न्यायालयात. याला हाकलून शुद्ध काय करणार, सांगा!

शायराला देतात ती दादही हीच. शायर हा फिर्यादी, मैफल हे न्यायपीठ आणि ‘वाह’ हा निकाल. ‘भूमिकेला न्याय दिला’ हे इंग्रजीचं भाषांतर म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी ‘दाद दिली’ म्हणताना आपण फारसीत नेमकं तेच म्हणतोय हे ध्यानात घ्यावं. औषधाला दाद न देणारा आजार? माझ्या मते तो आपली फिर्यादच नोंदवून घेत नाही. कोशवाले हे मान्य करणार नाहीत, नकोत करू.

फिर्याद शब्द निघालाच आहे तर पूर्व भागातल्या तेलुगू घरांत डोकवा. तिथे ‘फिर्यादु’ म्हणजे साधी तक्रार, त्याला पोलीस लागत नाहीत. मराठीत तोच शब्द थेट ठाण्यात आणि कोर्टात जाऊन बसला.

आता माझा सगळ्यात लाडका शब्द, ‘दादरसी’. उर्दूत त्याचा अर्थ गाऱ्हाण्याचं निवारण, इराणात खटल्याची सुनावणी. ‘रसी’ ही ‘रसीदन’मधली, म्हणजे पोहोचणे. न्यायाने पोहोचणं! ताई, तुमचा ‘अ‍ॅक्सेस’ तो हाच, फक्त दिशा उलटी. इथे बाईने न्यायापर्यंत चालत जायचं नाही, न्यायाने तिच्यापर्यंत यायचं. २००८ च्या ग्राम न्यायालय कायद्यात न्यायाधिकाऱ्याने गावोगाव फिरून सुनावणी घ्यावी असं आहे, ती कायद्याच्या भाषेतली दादरसीच. आणि त्याच ‘रसीदन’ची रसीद, म्हणजे पुन्हा आपली पोच! (रसीद इंग्रजी ‘रिसीट’वरून आली म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी फारसी कोश उघडावा.)

तर पुस्तिकेवर ‘दाद मागण्याची सोय’ लिहा. आत मात्र ‘दाद मागितली’ आणि ‘दाद लागली’ असे दोन वेगळे रकाने करा. प्रकल्पांच्या अहवालांत शिबिरं किती आणि हजर किती एवढंच मोजलेलं असतं, त्यामुळे दुसरा रकाना भरायला निधी देणारे कुरकुरतील. पण विडी वळणारी बाई पहिल्या दिवसापासून तोच विचारते : “दाद लागंल का ओ?”

बळकटीकरणाचं राहिलंच. ते नंतर बघू, आधी तो ‘प्रवेश’ खोडा.