दिवा लागला, कोड आला. आता तपासायचं काय?

प्रश्न : २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, बाहेरून सीएनजी किट बसवलंय. इंजिनचा पिवळा दिवा लागला. स्कॅनरवर पी-०१७१ आला म्हणून गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड खोडला. आठवड्यात दिवा परत लागला. या कोडचा अर्थ तरी काय?
– एक वाचक, रावेर

उत्तर : कोड एकेक अक्षराने वाचा. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. (‘सी’ आला तर ब्रेक-स्टिअरिंग, ‘बी’ म्हणजे बॉडी, ‘यू’ म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचा आपसातला संपर्क.) पुढचं शून्य सांगतं की हा कोड सगळ्या कंपन्यांत सारखा आहे. तिथे १ असता तर अर्थ कंपनीगणिक बदलला असता, आणि तो त्याच कंपनीच्या पुस्तकात बघावा लागला असता. त्या शून्यापुढचा आकडा १, म्हणजे हवा-इंधनाचं मोजमाप. शेवटचे दोन आकडे नेमका दोष सांगतात : मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी.

हे ऑक्सिजन सेन्सरने (इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) कळवलं. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत गेला, वाढवायची मर्यादा संपली आणि मग दिवा लागला. तुमच्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्यालाच घरी पाठवलं गेलं. सेन्सर स्वतः खोटं बोलतोय असं क्वचितच असतं.

आता क्रमाने तपासा. कोड खोडण्याआधी फ्रीझ फ्रेम टिपून घ्या. दिवा लागला त्या क्षणाचा आरपीएम, लोड आणि कूलंटचं तापमान त्यात असतं, आणि कोड खोडला की तेही जातं. मग गाडी पेट्रोलवर घ्या, इंजिन पूर्ण तापू द्या आणि स्कॅनरवर शॉर्ट टर्म (तात्पुरती) व लाँग टर्म (शिकून ठेवलेली) फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय वा घटवतोय, त्यांची बेरीज बघा. उणे १० ते अधिक १० टक्के ठीक. आयडलला (गाडी उभी, एक्सलरेटर सोडलेला) अधिक २०-२५ आणि २५०० आरपीएमला ५ च्या आसपास, असं दिसलं तर इंजिन कुठून तरी चोरटी हवा ओढतंय. उलट, आयडलला ठीक आणि जोर लावला की ट्रिम वाढते, तर पेट्रोल फिल्टर, पंप आणि इंजेक्टर बघा. एमएएफ सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या) गाडीत हा फरक ठळक दिसतो. मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) गाडीत हवेच्या गळतीने ट्रिमपेक्षा आयडलच चढलेला आधी लक्षात येतो.

तुमच्या गाडीत सगळ्यात आधी गॅसचे नोझल बघायला सांगेन. किट बसवताना मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) भोकं पाडून ते बसवतात. एखादा सैल झाला की तिथूनच हवा शिरते. त्यानंतर ब्रेक बूस्टरचा होज, पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत ओढणारा) होज. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही रबरं कडक होऊन तडकतात, आणि तडा बहुतेक वेळा क्लिपखाली लपलेला असतो. क्लिप काढूनच बघा.

पेट्रोलवर आकडे नीट आणि गॅसवर बिघडलेले, असं असेल तर दोष गॅसच्या मॅपिंगमध्ये (किटच्या कॉम्प्युटरमधलं गॅसचं प्रमाण), फिल्टरमध्ये किंवा रिड्यूसरच्या (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाच्या) प्रेशरमध्ये आहे. गॅसवर शिकलेली चुकीची ट्रिम पेट्रोलवरही चालू राहते, म्हणून दुरुस्तीनंतर दोन-तीन दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवून पाहा.

प्रश्न : रात्रभर गाडी केळीच्या बागेजवळ उभी होती. सकाळपासून रेडिएटरचा पंखा थांबतच नाही. कोड पी-०११८.
– एक वाचक, यावल

उत्तर : कूलंटच्या तापमान सेन्सरचं सर्किट उघडं पडलंय. स्कॅनरवर तापमान बघा, उणे ४० दिसेल. खरं तापमान कळत नाही म्हणून कॉम्प्युटर खबरदारी घेऊन पंखा चालूच ठेवतो. बागेजवळ उभी होती म्हणता, तर उंदराने वायर कुरतडली का ते आधी पाहा. दोन तारांचा सेन्सर असेल तर कनेक्टर काढून त्याच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोडा. आकडा एकदम शंभराच्या वर उडाला तर वायरिंग ठीक, सेन्सर बदला. उणे ४० वरच राहिला तर तार तुटलीय. तार सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी चढवा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळली तर उष्णतेने चिकटा सुटतो. दुरुस्तीपर्यंत लांबचा प्रवास नको. इंजिन खरंच तापलं तरी सूचना मिळणार नाही.

प्रश्न : कन्नड घाट चढताना दिवा लुकलुकतो, गाडी झटके देते. कोड पी-०३०२. तशीच चालवू का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : नाही. दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठता येतं. लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन जळतंय आणि आतली जाळी वितळू शकते. एक्सलरेटर सोडा, सुरक्षित जागा बघून थांबा.

०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. आडव्या बसवलेल्या बहुतेक चार सिलिंडर इंजिनांत मोजणी पुलीच्या बाजूने होते, तरी मॅन्युअलमध्ये खात्री करा. इंजिन थंड झाल्यावर दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची (प्लगला ठिणगीची वीज देणारी) अदलाबदल करा, कोड खोडा, पुन्हा चालवा. आता ०३०३ आला तर कॉइल गेली, एकच बदला. ०३०२ च राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल. त्यानेही हलला नाही तर इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंग, आणि ते काम हेड उघडल्याशिवाय होत नाही.